उष्टं तळं

नाना गुळणी करू लागला की सालईच्या झाडावरची वानरं पळायची. हे मी वाढवून लिहीत नाही. सकाळी तळ्यावर धुकं असायचं, सगळं गपगार, आणि मग अंजनाच्या झाडाखालून तो आवाज सुरू व्हायचा. आधी घशात पाणी घोळवल्याचा बारीक खुळखुळाट. मग बंद पडलेल्या जीपला धक्का मारल्यावर ती जशी धडधडते, तसं काहीतरी. आणि शेवटी असा लांबलचक खाकरा की वाटावं, ह्याचं आतडं आता तोंडावाटे बाहेर येतं. मग पिंक. मग पुन्हा पहिल्यापासून. तांब्या रिकामा होईपर्यंत हे चालायचं. धुळ्याच्या देवपुरातून आलेल्या एक बाई एकदा तंबूतून गोधडीसकट पळत सुटल्या होत्या. त्यांना वाटलं बिबट्या आला. मी म्हटलं, "बिबट्या नाही ताई, आमचा नाना आहे. बिबट्या परवडला."

नाना पारोळ्याचा. किल्ल्याच्या मागल्या अंगाला एका गल्लीत त्याचं गाद्या भरायचं दुकान होतं. लहानपणापासून कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणाने टाके घालायचा. त्या कापसाची बारीक रुई त्याच्या घशात जाऊन बसली होती ती कायमची. डॉक्टर औषधं द्यायचे, पण ह्याला गुण यायचा तो एकाच ठिकाणी, आमच्या सातपुड्यातल्या तळ्यावर. हिवाळा लागला, कपाशीची वेचणी उरकत आली की नाना एसटीने आमच्या गावच्या फाट्यावर उतरायचा आणि थंडी सरेपर्यंत मुक्काम ठोकायचा. म्हणायचा, "आबा, गावनी हवा मी आत लेस. आठली हवा माले आत लेस." खरं-खोटं त्याला ठाऊक. पण पहिल्या दिवशी बोलताना शिट्टी वाजणारा हा माणूस जाताना मोकळा श्वास घेत जायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी दरवर्षी पाहिलेलं आहे.

आता मी कोण ते सांगतो. मी इथल्या पायथ्याच्या गावचा. शाळेत दोन इयत्ता काढल्या, तिसरीत मास्तरांशी वाजलं आणि मी पाटी त्यांच्याच टेबलावर ठेवून घरी आलो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. गावच्या वन समितीने तळ्यावर मुक्कामाची जागा काढली तेव्हा तिच्यावर देखरेख करायला मला नेमलं, कारण सगळ्या गावात माझ्याएवढा स्वच्छतेचा कटकट्या माणूस दुसरा नव्हता. थंडी कितीही असो, आंघोळ केल्याशिवाय चहा नाही. कोणी रस्त्यात थुंकलं तर मी रस्ता बदलतो. जेवताना कोणी मचमच आवाज केला तर ताट घेऊन दुसरीकडे जातो. असल्या माणसाच्या नशिबी देवाने नाना लिहावा!

तळी तीन आहेत. खालचं गुरांचं. मधलं माणसांचं, ज्याच्या काठाला मुक्काम पडतो. आणि वरचं, दाट सागाच्या आत, जनावरांचं. तिकडे माणसाने जायचं नाही. पण हिवाळा लागला की वरचं आटत येतं आणि मग सांबर, रानडुकरं, कधीमधी तो बिबट्यासुद्धा, अंधार पडल्यावर मधल्यावर उतरतात. त्यामुळे मधलं तळं दिवसा आपलं आणि दिवेलागणीनंतर त्यांचं.

नाना पहिल्यांदा आला तो डोक्यावर गुंडाळलेली गादी घेऊन. खरी गादी, कापसाची, लाल-निळ्या पट्ट्यांची. जंगलात राहायला येणारे लोक सतरंजी आणतात, घोंगडी आणतात. ह्याने अख्खी गादी फाट्यापासून डोंगर चढवून आणली. लोक हसले. नाना म्हणाला, "आखी जिंदगी लोकेसले मऊ झोपाडं. आते दगडवर झोपाले माले कोन्ही सांगू नका." मी हसलो नाही. मी त्या गादीवरचे डाग बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हा तांब्या घेऊन तळ्याच्या काठाला उभा, गाल टम्म फुगलेले. माझं डोकंच फिरलं. मी लांबूनच ओरडलो, "ए भाऊ! तयामा गुयन्या करस का? गावनं पेवानं पानी शे ते!" आणखीही पुष्कळ बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने एक शब्द काढला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग तसेच फुगलेले गाल घेऊन वळला, झाडीतून वाट काढत चढावर गेला, पार त्या म्हाताऱ्या अंजनापर्यंत. तिथे एक खड्डा त्याने आदल्या संध्याकाळीच खणून ठेवला होता. त्यात त्याने पहिली गुळणी सोडली. वानरं पळाली. सगळा तांब्या संपवून, तोंड पुसून तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आते बोल," म्हणाला. "तोंडमा पानी व्हतं म्हनीसन गुपचूप ऐकी लिधं. आते मनी बारी शे."

आणि मग तो जे बोलला! त्यातलं एकच सांगतो. "मना गयामा कापूस शे, डोकामा नही. रातले जनावरं येतस आठे पेवाले. पाहुनासले उष्टं पानी देतस का आपन?"

मी काही माफीबिफी मागितली नाही. तांब्या घेऊन, गाल फुगवून तळ्याकडे जाणाऱ्या माणसाला मी उद्याही तसाच हटकीन. पण त्याचं ते 'उष्टं' माझ्या डोक्यात बसलं. आमच्याकडे पाहुण्याला उष्टं देत नाहीत. घरात किती हलाखी असली तरी पाहुण्याचं पाणी पहिलं काढायचं, मग आपलं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण सांबर हा पाहुणा आहे, आणि त्याच्या पाण्याला आपलं तोंड लागता कामा नये, हे कोणी म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून नानाचा कायदा सुरू झाला. तळ्यातून पाणी घ्यायचं ते घासलेल्या भांड्यानेच. तोंडाला, हाताला, ताटाला लागलेलं पाणी तळ्याकडे परत जायचं नाही. दात घासायचे तर अंजनाखाली, चूळ भरायची तर अंजनाखाली, जेवून हात धुवायचे तर तिकडेच. पाहुणे कुरकुरायचे. जळगावचे एक वकील म्हणाले, "अहो नाना, एवढं मोठं तळं, एका चुळीनं काय होतंय?" नाना म्हणाला, "साहेब, तुमना घरना माठ बी मोठा व्हई. करू का त्यामा गुयनी?" वकील मुकाट्याने अंजनाकडे चालायला लागले. मी विचारलं होतं एकदा, की मग त्या झाडाला का रे उष्टं पाजतोस? तर म्हणाला, "झाड माय शे. माय पोरेसनं उष्टं खास."

हे असं गोड बोलायचा, पण माणूस किळसवाणा तो किळसवाणाच. त्यात मी सूट देणार नाही. त्याचं भरीत खाणं पाहावं. हिवाळ्यात आमच्याकडे मुक्कामाला येतात ते खरं भरीतासाठीच. खालून बैलगाडीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणायच्या, जंगलातली काडी तोडायची नाही, वन खात्याने आखून दिलेल्या एकाच जागी जाळ करायचा, त्यात मोठी हिरवी वांगी भाजायची, सोलून लाकडाच्या बडगीत ठेचायची, वर मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. असं जेवण माणसाने हळूहळू, मान राखून जेवावं. नाना मनगटापर्यंत हात बुडवायचा. तेल कोपरापर्यंत ओघळायचं, मग तो कोपर उचलून जिभेने खालून वर एकच ओढ काढायचा, बैल मीठ चाटतो तसा. डोळे मिटलेले. वर ढेकर. मी पाठ फिरवून जेवायचो. तो मुद्दाम उठून माझ्यासमोर येऊन बसायचा. "आबा, मनाकडे दखीसन जेव. दोन घास जास्त जातीन." मी म्हणायचो, "जेवढे गेले तेवढे बाहेर येतील."

सतरंजीवर बसून पायाची नखं काढायचा. बंडी धुवायचा ती माझ्याच तंबूच्या दोरीवर वाळत घालायचा. छातीला कसलं तरी मलम चोपडायचा, त्याचा वास दुसऱ्या दिवशी माझ्या चहाला यायचा. पण गादी उन्हात घालायची तर तळ्यापासून लांब, चढावरच्या काळ्या खडकावर. तिथे तिला काठीने बडवायचा. का, तर रुई उडून पाण्यात पडेल. स्वतःच्या छातीत गेली तेव्हा कोणी अडवलं नाही, पाण्यात मात्र जाऊ द्यायची नाही. मी म्हणायचो, "नाना, तळ्याची जेवढी काळजी करतोस तेवढी तुझ्या अंगाची केली असतीस तर माझा हिवाळा सुखाचा गेला असता." तो म्हणायचा, "अंग मनं शे. कसं बी ठेवसू. तये मनं शे का?"

अशी बरीच वर्षं गेली. मग माझा पुतण्या समितीचा अध्यक्ष झाला. पोरगा हुशार आहे, शिकलेला आहे, हे मी नाकारत नाही. त्याने जळगावहून एक तंबूवाला आणला. तळ्याच्या अगदी काठाला रंगीत तंबू लागले. तंबूंवर दिव्यांच्या माळा. झाडाला झोका, फोटो काढायला. संध्याकाळ झाली की स्पीकर. गाड्या भरभरून माणसं यायला लागली. आणि काय ती माणसं! अंगाला अत्तराचा वास, पांढरेशुभ्र बूट, दर घटकेला हाताला काहीतरी चोळतात जंतू मरायला. मी म्हटलं, चला, स्वच्छ लोक आले, आता नानाची शोभा होईल.

दुसऱ्या सकाळी ती स्वच्छ माणसं उठली. रांगेने काठाला उभी राहिली. तोंडात ब्रश, आणि पचापच तळ्यात. पांढरा फेस पाण्यावर तरंगत चालला आणि बेडकांची पिल्लं त्याला खाऊ समजून गोळा झाली. एका ताई साबणाने तोंड धूत होत्या. एका गड्याने मसाला लावलेली कोंबडी विसळली. पोरांचे भरलेले लंगोट, ते कागदाचे असतात ते, बांबूच्या बेटात. चिप्सची पाकिटं, बाटल्या, ओले रुमाल, शेवयांचे भेंडोळे. दुपारी ऊन चढलं तेव्हा पाण्यावर तेलाची सात रंगांची साय धरली होती आणि एक पोरगी म्हणत होती, "बघ ना, किती सुंदर रंग!" मी घरी येऊन दोनदा आंघोळ केली. नानाच्या पिंकेने मला कधी इतकं ढवळून आलं नव्हतं. नानाचं सगळं किळसवाणेपण नानापाशी संपायचं. ह्यांचं ह्यांच्या अंगावर कुठे दिसत नव्हतं, सगळं तळ्यात होतं.

नाना सुरुवातीला त्यांना समजावत फिरायचा. काही लोक ऐकायचे. बरेच जण "हो काका" म्हणायचे आणि त्याची पाठ वळली की पचकन. तंबूतल्या हवेच्या गाद्या बघून त्याला वेगळंच दुःख व्हायचं. अंगठ्याने दाबून बघायचा आणि म्हणायचा, "हाई काय गादी शे? हवावर झोपतस ना, सकायले पाठ इचारस, रातभर कोठे व्हतात?" तेवढ्यावर तंबूवाला हसायचा. बाकी त्याला नाना डोळ्यांसमोर नको असायचा.

तीन हिवाळ्यांमागची गोष्ट. नाना आला तो खंगून आला. गादी त्याच्याने उचलवेना, फाट्यावरून ती मी आणली, नाक धरून. श्वास लागायचा. तरी सकाळी तांब्या घेऊन अंजनापर्यंत जायचा, मध्ये दोनदा बसायचा. गाल फुगलेलेच. तोंडातलं पाणी खाली टाकून वाट हलकी करायची, हे काही त्याच्या मनात आलं नाही. गुळणी मात्र पहिल्यासारखी. जोर उलट वाढलेला, कारण आत अडकलेलं आता निघत नव्हतं.

तंबूतल्या पाहुण्यांनी तक्रार केली. तंबूवाल्याने समितीची बैठक बोलावली, तळ्यावरच, मोहाच्या झाडाखाली. पुतण्या, समितीचे चार जण, तंबूवाला आणि मी. नाना लांब खडकावर गादी उन्हाला घालून बसला होता. ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

तंबूवाला म्हणाला, "आबा, गेस्ट लांबून येतात. सकाळी त्यांना पक्ष्यांचा आवाज पाहिजे, खाकरण्याचा नको. लोक ते रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकतात, आपलं नाव खराब होतं. नानांना पुढच्या वर्षापासून नाही म्हणा."

मी म्हटलं, "पक्षी तुझ्या स्पीकरनेच गेले. आता तुला आवाज ऐकवायला नानाशिवाय राहिलंय कोण?"

तेव्हा पुतण्या हळूच म्हणाला, "आबा, तुम्हीच तं आखं गावले सांगतस, नाना भलता घान मानूस शे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानाही बघत होता, लांबून.

"सांगस," मी म्हटलं. "आजबी सांगस. त्याना तोंडसमोर सांगस. त्याले जेवताना दख, तुले दोन दिन भूक लागाव नही. पन त्याना गयाले आठेच गुन येस. तो आठे नही ऊना तं पारोयामा मरी जाई. हाई तुले माहीत शे का?"

तंबूवाला म्हणाला, "अहो, पण स्वच्छतेचा प्रश्न आहे."

स्वच्छतेचा! हा शब्द त्याने माझ्यासमोर काढला. मी उठलो. त्याच्याच टेबलावरचा काचेचा ग्लास घेतला, त्याच्या तंबूंसमोरच्या काठाला बुडवला आणि आणून त्याच्यापुढे ठेवला. वर साय. आत शेवयांचा एक तुकडा गोल गोल फिरत होता.

"प्या साहेब," मी म्हटलं. "तुमच्या पाहुण्यांचं उष्टं आहे. रात्री सांबर पितं, तुम्ही दिवसा प्या."

तो प्यायला नाही. पुतण्याकडे सरकवला, तर पुतण्याही प्यायला नाही. समितीतला एकही जण त्या ग्लासाकडे बघायला तयार नव्हता. मला वाटलं, जिंकलो.

कसलं जिंकलो. मान खाली घालून त्यांनी ठराव केला तो असा: नानांनी यावं, राहावं, त्यांना कोणी नाही म्हणत नाही. फक्त गुळण्या उघड्यावर करू नयेत. पाहुण्यांसाठी पत्र्याचे संडास बांधलेत, त्यात दार लावून कराव्यात. आणि तंबूवाला म्हणाला, काठाला एक पाटी लावतो, तळ्यात थुंकू नये अशी. पाटी लागली. पहिल्याच रविवारी कोणीतरी तिच्यावर टॉवेल वाळत घातला.

ठराव सांगायला मीच खडकावर गेलो. दुसऱ्या कोणाची हिंमत नव्हती. नाना गादी गुंडाळत होता, म्हणजे त्याने ऐकलं होतं.

"संडासमा?" तो म्हणाला. "दार लाईसन? आबा, मी काय चोरी करी राहिनू का?"

"वर्षभराचा प्रश्न आहे," मी म्हटलं. "मी ह्यांना सरळ करतो. तोवर कर ना रे आत, काय बिघडतं."

"तू करशी का?"

तिथल्या वासाने मी त्या पत्र्याच्या आसपासही फिरकत नव्हतो, हे त्याला ठाऊक होतं. तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला. खोकला थांबायला बराच वेळ लागला. मग म्हणाला, "दखं? तुले किळस येस ते चालस. तू तोंडवर सांगस, आनी परत आठेच बशीसन जेवस. ह्यासले किळस येस तं मानूसच नको."

दुपारच्या गाडीने तो निघाला. थंडी अजून पुष्कळ बाकी होती. मी थांब म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी तो थांबला नसता. तोही हट्टी होता, माझ्याएवढा नसेल, पण होता. फाट्यावर कंडक्टर म्हणाला, गादी आत चालणार नाही, टपावर न्यायची सोय ह्या गाडीला नाही. तेव्हा नानाने गादी माझ्या अंगावर ढकलली. "राहू दे तुनाकडे. उन दखाडत जाय. आनी तिनावर झोपू नको. तुना घाम माले चालाव नही."

म्हणजे इतकी वर्षं मीच त्याची किळस करत होतो असं नाही. गाडी हलली तरी मी तिथेच गादी धरून उभा होतो. असलं काही तोंडावर ऐकून घ्यायची मला सवय नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो आला नाही. उन्हाळा लागतानाच गेला. सुनेचा फोन आला तेव्हा दहावा उरकला होता. मी पारोळ्याला गेलो. दुकान बंद होतं, ओट्यावर पिंजलेल्या कापसाचे दोन-चार पुंजके अजून चिकटलेले. सून पाणी घेऊन आली. म्हणाली, "शेवटच्या दिवसापर्यंत मोरीत बसून गुळण्या करत होते. गल्लीतले लोक नानांच्या गुळणीवरच उठायचे हो आबा. आता कोणाला जाग येत नाही. परवा समोरच्यांच्या पोरांची शाळेची गाडी चुकली."

"शेवटी काही म्हणाला का?"

"तळ्याला पाणी किती आहे, विचारा म्हणाले आबांना. मी म्हटलं, फोन लावून देते, तर नको म्हणाले. आबा खोटं सांगेल, म्हणाले, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून."

मी नुसतं पाणी प्यायलो. निघताना तिने नानाचा तांब्या आणून पुढे केला, घासून लखलखीत केलेला. म्हणाली, तुमच्याकडे असू द्या आठवण. मी घेतला नाही. दुसऱ्याच्या तोंडचं भांडं मी वापरत नाही, मग तो नाना का असेना. तिला वाईट वाटलं असेल. पण नाना असता तर त्याला मी तांब्या घेतल्याचंच वाईट वाटलं असतं.

माझ्या घरी माझा तांब्या आहे. त्या हिवाळ्यापासून मी तो घेऊन रोज पहाट फुटल्यावर तळ्यावर जातो. काठाला उभा राहून गाल भरून घेतो आणि चढावर अंजनाकडे चालू लागतो. खड्डा बुजत आला होता, तो मी पुन्हा उकरला. खाली उभं राहून आवाज काढतो. जन्मात कधी खाकरलेलो नाही मी, त्यामुळे सुरुवातीला काय निघणार? कोंबडीला हिसका दिल्यासारखा काहीतरी बारीक आवाज निघायचा. वर सालईवर वानरं बसलेली असायची, ती खाली बघायची आणि परत आपली खाजवत बसायची. मला त्याचा भयंकर राग यायचा. तंबूवाला एकदा धावत आला, "आबा, आता तुम्ही पण?" मी म्हटलं, "मी गावचा. मी समितीचा. काढ मला ठराव करून." पुतण्याला बोलावून आणलं त्याने. पुतण्याने माझ्याकडे बघितलं आणि आल्या वाटेने परत गेला. माझ्या घरातला आहे, माझा हट्ट त्याला माहीत आहे.

नानाची गादी मी दर थंडीत काळ्या खडकावर घालतो, काठीने बडवतो. तिच्यावर कोणी झोपत नाही. वास अजून जात नाही मेला.

आत्ताच्या या थंडीतली गोष्ट. मी काठाला तांब्या भरला, गाल भरले, वळलो. शेजारच्या तंबूतून एक गडी आला, चांगला ऐन पंचविशीतला, तोंडात ब्रश, ओठांवर फेस, आणि वाकला पाण्यावर. मला ओरडायचं होतं. तोंडात पाणी. तिथेच टाकून ओरडलो असतो तर माझंच उष्टं तळ्यात गेलं असतं. गिळावं तर मला आपल्या तोंडातलं पाणीसुद्धा गिळवत नाही. तसाच उभा राहिलो, गाल फुगवून, डोळे वटारून. पहिल्या हिवाळ्यात मी ओरडत असताना नाना असाच माझ्याकडे बघत उभा होता.

त्या गड्याने मान वर केली. समोर धुक्यात एक म्हातारा, गाल टम्म, हातात तांब्या, रागाने लाल झालेला. मी हात वर करून अंजनाकडे दाखवलं. त्याला काय कळलं देव जाणे. तो घाबरला आणि तोंडातला सगळा फेस त्याने घटकन गिळून टाकला.

ते बघून मला असं ढवळून आलं की काही विचारू नका. पण तळ्यात काही पडलं नव्हतं. पाणी तसंच होतं, वर धुकं, त्याच्याखाली हलत नव्हतं काही. मी तसाच तरातरा चढावर निघालो, अंजनाखाली पोचलो आणि त्या किळसेच्या भरातच मान मागे टाकून गुळणी केली. कुठून आला तो आवाज मला माहीत नाही. वर सालई सगळी हलली आणि वानरं पळाली.